मासा, माशी आणि पवनेचें पाणी

पिंपरी-चिंचवडच्या किंवा चाकणच्या कारखान्यांत काम करणाऱ्या माणसाला जपानी भाषेंतले दोनचार शब्द तरी ठाऊक असतात. 'कायझेन' म्हणजे रोज थोडी थोडी सुधारणा, 'कानबान' म्हणजे हवा तेव्हां हवा तेवढाच माल मागविण्याची चिठ्ठी, हें त्याला पुस्तकांतून शिकावें लागत नाहीं. यंत्राशेजारच्या फळ्यावर तो तें रोज वाचतो. त्याचीं मुलें हौसेनें जपानी भाषेच्या वर्गाला जातात. इतका शेजार जमल्यावर त्या देशाच्या डोंगराळ मुलखांतला आणखी एक शब्द इकडे यावयास हरकत नव्हती. परंतु तो कारखान्याच्या दारानें येण्यासारखा नाहीं. तो नदीच्या वाटेनेंच यावयाचा. तो शब्द 'तेनकारा'.

तेनकारा म्हणजे गळानें मासे धरण्याची एक जुनी रीत. तिला लागणारें साहित्य फार थोडें. दहा ते चौदा फूट लांबीची हलकी काठी, तिच्या शेंड्याला कायमची बांधलेली तेवढ्याच लांबीची दोरी, आणि दोरीच्या शेवटीं पिसें गुंडाळलेला एक गळ. दोरी गुंडाळण्याचें चाक नाहीं, बुडविण्यास शिसें नाहीं, वर तरंगणारें भेंड नाहीं, आणि टोंचण्यास गांडूळही नाहीं. गळावरचीं पिसें हींच आमिष. पाण्यावर पडलेली एखादी माशी वाहत चालली आहे असें माशाला वाटावें आणि त्यानें तोंड उघडावें, एवढीच योजना. मासा आणि माशी ह्या दोन शब्दांत मराठीनें अगोदरच जवळीक करून ठेवली आहे. तेनकाराचा सारा खेळ त्या जवळिकीवर चालतो. शब्दाची व्युत्पत्ति मात्र जपानी पंडितांनाही निश्चित करतां आलेली नाहीं. 'आकाशांतून' असा एक अर्थ लोक लावतात, आणि गळ वरून अलगद उतरतो तो पाहिला म्हणजे हा अर्थ खोटा असला तरी शोभतो.

जपानांतले डोंगरी ओढे अरुंद, उतरते आणि थंड असतात. खडकाखडकांतून उड्या घेत जाणाऱ्या त्या पाण्यांत यामामे आणि इवाना ह्या जातींचे मासे राहतात. खेड्यांतले कांहीं लोक हे मासे धरून उन्हाळ्या पाण्याच्या झऱ्यांवरील धर्मशाळांना आणि खानावळींना विकीत. त्यांचें पोट ह्यावर अवलंबून असल्यामुळें हत्यार स्वस्त, हलकें आणि हात न दुखविणारें हवें होतें. काठी वेळूची, दोरी घोड्याच्या शेपटीच्या केसांची पीळ देऊन केलेली, गळ घरींच वांकविलेला. त्यावर रेशमाचा दोरा आणि कोंबड्याचें किंवा रानपाखराचें पीस गुंडाळलें कीं झाली 'केबारी', म्हणजे केसाळ गळ. केबारीच्या एका प्रकारांत पिसांची झालर मागें न झुकतां पुढें, गळाच्या डोळ्याकडे झुकलेली असते. काठीला किंचित् हिसका दिला कीं ती झालर छत्रीसारखी मिटते आणि ढील देतांच पुन्हां उघडते. पाण्याखालच्या माशाला वाटतें, हा जीव धडपडत आहे.

युरोपांतील हौशी लोक ह्या बाबतींत फार निराळे. कोणत्या महिन्यांत कोणती माशी नदीवर उडते तें पाहून तिची हुबेहूब प्रतिमा पिसांत उतरवावयाची, आणि अशा शंभर प्रतिमांची पेटी खांद्याला लावून फिरावयाचें, ही त्यांची विद्या. जपानी डोंगरकरी एकाच घडणीच्या गळावर सारा हंगाम काढतो. दोहोंत बरोबर कोण, हा वाद शौकिनांत अजून चालतो. वेगाच्या पाण्यापुरतें तरी डोंगरकऱ्याचें म्हणणें पटण्यासारखें आहे. तेथें माशाला निर्णय करावयास क्षणच मिळतो. तो पंखांवरच्या रेघा मोजीत बसत नाहीं.

ही रीत एकट्या जपानची, असें मात्र समजूं नये. रोमन काळांतील ईलियन नांवाच्या लेखकानें मॅसिडोनियांतील लोक गळाला तांबडी लोंकर आणि कोंबड्याचीं पिसें बांधून मासे धरतात असें लिहून ठेविलें आहे. त्यांची काठी सहा फूट आणि दोरीही तेवढीच. इंग्लंडांत आयझॅक वॉल्टनचें प्रसिद्ध पुस्तक १६५३ सालीं निघालें, त्या काळींही काठीच्या शेंड्याला केसांची दोरी बांधून लहान मासे धरण्याचाच प्रघात होता. पुढें चाकें आलीं, काठ्या बदलल्या, आणि जुनी रीत मागें पडली. जपानच्या डोंगरांत ती टिकली एवढेंच. २००९ सालीं अमेरिकेंत डॅनियल गाल्हार्डो ह्यांनीं तेनकाराच्या काठ्या विकण्यास आरंभ केला आणि हिसाओ इशिगाकी ह्या जपानी जाणकारानें तिकडे जाऊन तिचे पाठ दिले, तेव्हांपासून ती जगभर पसरली. आतांची काठी कर्बतंतूंची, एकांत एक सरकणारी. मिटली म्हणजे दीडदोन फुटांची होते आणि पिशवींत मावते.

आतां आपल्या नदीकांठीं पाहूं. मावळांतला गुराखी पोरगा वेळूची काठी, तिच्या शेंड्याला दोरा, दोऱ्याला गळ आणि गळाला गांडूळ किंवा कणकेची गोळी लावून डोहाच्या कडेला उकिडवा बसलेला कोणीं पाहिला नाहीं? गांडुळाच्या जागीं पीस आलें, आणि पोरगा बसण्याऐवजीं उभा राहून वरच्या अंगाला चालूं लागला, कीं तेनकारा झालें. आपल्याकडे राजेलोकही ह्या छंदांत होते. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर ह्यानें बाराव्या शतकाच्या पूर्वार्धांत रचलेल्या 'मानसोल्लास' ग्रंथांत 'मत्स्यविनोद' असें एक स्वतंत्र प्रकरण आहे. काठी कशी असावी, दोर कसा वळावा, कोणत्या माशाला कोणतें आमिष रुचतें, लागलेला मासा दमवून कसा आणावा, हें त्यांत सांगितलें आहे. ज्या ग्रंथांत संगीत, पाकशास्त्र आणि राजनीति ह्यांचा विचार आहे त्याच ग्रंथांत गळालाही जागा मिळाली, ही गोष्ट ज्यांना गळ म्हणजे रिकामटेकड्यांचा उद्योग वाटतो त्यांनीं ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. डॉ. सुंदरलाल होरा ह्या मत्स्यशास्त्रज्ञांनीं १९५१ सालीं ह्या प्रकरणाकडे विद्वानांचें लक्ष वेधलें.

काठी मिळेल, पीस मिळेल; पण पवना, इंद्रायणी आणि भामा ह्या नद्यांत माशीवर उडी घेणारा मासा आहे काय? ह्या प्रश्नाचें उत्तर शोधूं गेल्यास जवळजवळ दोनशें वर्षें मागें जावें लागतें. कर्नल विल्यम हेन्री साईक्स हा कंपनी सरकारचा अधिकारी १८२४ पासून मुंबई इलाख्याची सांख्यिक माहिती गोळा करण्याच्या कामावर होता. शेतें, पिकें, वजनें, मापें ह्यांच्याबरोबर त्यानें दख्खनच्या नद्यांतले मासेही गोळा केले, आणि १८३९ सालीं त्यांचीं वर्णनें लंडनच्या प्राणिशास्त्रीय संस्थेच्या कामकाजांत प्रसिद्ध झालीं. मौज अशी कीं, नव्या जातींना नांवें देतांना त्यानें पुष्कळ ठिकाणीं ग्रीक-लॅटिनची वाट सोडली आणि भोई-कोळ्यांच्या तोंडचीं मराठी नांवेंच शास्त्रांत घातलीं. पुण्याच्या पूर्वेस आठ मैलांवर मुळा-मुठेंत मिळालेला मोठ्या खवल्यांचा मासा तो 'खुद्री'. तसाच 'कोळस', तसाच 'पोटील', 'बोगट', 'मल्या', 'सांडखोल', 'बालुकी', 'शिंगाळा', 'घोगरा'. इंग्रजी कानानें ऐकून रोमन लिपींत उतरविल्यामुळें त्यांचे उच्चार थोडे मोडले आहेत, आणि शाळेच्या वहींत त्यांवर तांबडी शाई नक्की फिरली असती. तथापि आज टोकियो किंवा पॅरिस येथील शास्त्रज्ञ हा मासा ओळखतांना 'खुद्री' असेंच म्हणतो. आपल्या भाषेंतले इतके शब्द एकदम जगाच्या शास्त्रांत गेल्याचें दुसरें उदाहरण सहसा सांपडणार नाहीं, आणि ते गेले ते कोणा पंडिताच्या लेखणींतून नव्हे, जाळें वाळत घालणाऱ्या माणसाच्या तोंडून.

त्याच यादींत 'नुकटा' आहे. ह्या माशाच्या नाकाडावर आडवी खोल खांच असून तिच्यावर टेंगूळ असतें. एकदां पाहिलेला मासा मनुष्य विसरत नाहीं. साईक्सला तो पुण्याच्या उत्तरेस अठरा मैलांवर, इंद्रायणींत मिळाला. म्हणजे आज जेथें चाकणचे कारखाने उभे आहेत त्याच टापूंतल्या पाण्यांत. कृष्णेच्या खोऱ्यांत इतरत्र हा मासा अजून आढळतो. परंतु २०१२ सालीं इंद्रायणीच्या माशांची जी अभ्यासपूर्ण पाहणी प्रसिद्ध झाली तींत, ज्या नदीनें त्याला शास्त्रांत नांव मिळवून दिलें त्या नदींतून तो नाहींसा झाल्याचें नमूद करावें लागलें.

माशीवर उडी घेणारे मासे मात्र आहेत. पहिला मान झोऱ्याचा. वीतभर लांबीचा, चांदीसारखा, अंगावर निळसर आडवे पट्टे असलेला हा मासा गोट्यांवरून खळाळणाऱ्या पाण्यांतच राहतो आणि कीटकांवर जगतो. इंग्रज शिकाऱ्यांना त्याच्या जातभाईंत आपल्या देशांतला ट्राऊट दिसे, तो उगाच नव्हे. त्याच्या जोडीला अळकूट किंवा बालुकी, दांडवण, आणि खवली. हे सारे आकारानें लहान. परंतु तेनकाराची काठी इतकी लवचिक असते कीं, तळहाताएवढा मासाही तिचा शेंडा वांकवितो. चिलापी तर काय, कशालाही तोंड लावते. १९५२ सालीं परदेशांतून ह्या देशांत आणलेला हा मासा आतां घाणेरड्या पाण्यांतही घर करून बसला आहे. ती मिळाली म्हणून नदी सुदृढ आहे असें मानूं नये. खुद्री, म्हणजे आपला महासीर, लहान असतांना माशी घेतो, मोठा असला तर दोरी तोडून जातो. म्हणूनच दोरीचा शेवटचा हातभर तुकडा नेहमीं काठीपेक्षां अशक्त ठेवावयाचा. तुटावयाचें तर त्यानें तुटावें, काठीनें नव्हे.

फेंकण्याची हातोटी वाटते तितकी अवघड नाहीं. समोर घड्याळाची तबकडी आहे असें कल्पावें. काठी बाराच्या आंकड्यापर्यंत मागें न्यावी, दोरी पाठीमागें सरळ होईपर्यंत क्षणभर थांबावें, आणि पुढें आणून दहाच्या आंकड्यावर थांबवावी. बळ मनगटाचें, खांद्याचें नव्हे. नवशिक्याची चूक एकच असते, तो मागें थांबत नाहीं. मग दोरी गोळा होऊन त्याच्याच टोपींत अडकते. लांब काठीचा खरा उपयोग पुढें कळतो. ओढ्यांत सगळें पाणी एका वेगानें वाहत नाहीं. मधली धार धांवते आणि खडकाआडचें पाणी सावकाश फिरतें. मासा त्या सावकाश पाण्यांत विसावून धारेवरून येणारें अन्न टिपतो. दोरी मधल्या धारेवर पडली तर धार तिला ओढते, तिच्यामागून गळही फरफटतो, आणि अशी पळणारी माशी मासा घेत नाहीं. लांब काठी उंच धरली म्हणजे सगळी दोरी पाण्यावर अधांतरीं राहते आणि गळ तेवढा खडकाआडच्या पाण्याला टेकतो. कोळपणाऱ्यासारखें एकाच जागीं दहा वेळां हात फिरवूं नये. दोनतीनदां टाकावा आणि पुढच्या खडकाकडे, नेहमीं वरच्या अंगाला, सरकावें. मासे धारेकडे तोंड करून असतात, त्यामुळें मागून येणारा माणूस त्यांना उशिरां दिसतो.

हंगाम ठरवितांना विलायती किंवा जपानी पुस्तकें बाजूला ठेवावीं आणि पंचांग पाहावें. मृगाच्या पहिल्या पुरांत मासे अंडीं घालण्यासाठीं वर चढतात. ह्या चढणीच्या माशांना बांधांबांधांवर टोपल्या लावून धरण्याची खेड्यांत जुनी रीत आहे. पण पोटांत अंडीं असलेल्या माशावर गळ टाकणें म्हणजे पेरणीचें बियाणें दळण्यासारखें होय. श्रावण-भाद्रपदांत पाणी गढूळ, त्यांत मासा पीस पाहणार कसा? दिवाळीनंतर पाणी निवळतें, गोटे दिसूं लागतात, तेव्हांपासून शिमग्यापर्यंतचे दिवस उत्तम. सकाळचे दोन तास आणि दिवेलागणीपूर्वींचा एक तास पुरेसा होतो.

येथवर सारें सोपें आहे. अवघड आहे ती जागा शोधणें. गांडूळ घेऊन बसणाऱ्याला कोणताही डोह चालतो. पिसाची माशी मात्र तेथेंच चालते, जेथें खरी माशी आहे. आणि नदीवर उडणारी ही माशी घरांतल्या माशीसारखी उकिरड्यावर जन्मत नाहीं. तिचें बाळपण पाण्याखालीं, दगडांच्या तळाला चिकटून जातें. दिवाळीनंतर पवनेच्या वरच्या पात्रांत गुडघाभर पाण्यांतला एखादा गोटा अलगद उचलून उलटा करावा. त्याच्यावर चपटे, शेपटीला तीन केस असलेले, पोटाच्या कडांना कल्ले हलविणारे लहानसे जीव धांवतांना दिसतील. महिनेच्या महिने असे काढून ते एके संध्याकाळीं पाण्यावर येतात, कात टाकतात, उडतात, अंडीं घालतात आणि दिवसा-दोन दिवसांत मरतात. त्यांच्या शेजारीं वाळूचे कण रेशमानें जोडून केलेलें बोटाच्या पेऱ्याएवढें घरकुल दिसलें तर तें दुसऱ्या एका माशीच्या अळीचें. ह्या जीवांना पाण्यांत विरघळलेला प्राणवायु भरपूर लागतो. सांडपाणी मिसळलें कीं तें कुजविणारे सूक्ष्म जंतु वाढतात आणि तो प्राणवायु तेच खाऊन टाकतात. मग दगड उलटा केला तर वर चिकट काळा थर, आणि थरांत तांबड्या अळ्या. त्या तांबड्या असतात त्याचें कारण, थोडक्या प्राणवायूवर निभावण्यासाठीं त्यांच्या अंगांत आपल्या रक्तासारखेंच रंगद्रव्य असतें. तेथें झोऱ्या नसतो. काठी सोडण्याचें कामही नसतें.

ह्या कसोटीनें पवनेच्या कांठानें वर चालत गेल्यास एक नकाशा तयार होतो, जो कोणत्याही कचेरींत टांगलेला नाहीं. दापोडीला पवना मुळेला मिळते, तेथें माशीगळाचा विचारच करूं नये. चिंचवडास मोरया गोसावींच्या देवळाखालून वाहणारें पाणी उन्हाळ्यांत नाकाला रुमाल लावावयास लावतें. रावेतच्या बंधाऱ्यावर पिंपरी-चिंचवडसाठीं नदीचें पाणी उपसलें जातें. त्याच्या खालीं उन्हाळ्यांत वाहतें त्यांतलें बरेचसें शहरानें वापरून परत केलेलें असतें. बंधाऱ्याच्या वर गेलें कीं नदी बदलते. १९७२ सालीं पुऱ्या झालेल्या पवना धरणांतून शहरासाठीं जें पाणी सुटतें तें नदीच्या पात्रांतूनच खालीं येतें, त्यामुळें इतर नद्या आटल्या तरी पवनानगर ते रावेत ह्या टप्प्यांत वैशाखांतही धार असते. हौशी माणसाला एवढी सोय दुसरीकडे मिळावयाची नाहीं. हें पाणी बंद नळांतून शहराकडे न्यावें अशी योजना आहे. तिच्या विरोधांत ९ ऑगस्ट २०११ रोजीं बऊर येथें झालेल्या आंदोलनांत गोळीबार होऊन तीन शेतकरी मृत्युमुखीं पडले आणि काम थांबलें. २०२३ सालीं तिच्यावरील स्थगिति उठविली गेली. त्या वादांत शेताच्या पाण्याचा प्रश्न आहे, शहराच्या तहानेचा आहे, नळगळतीचा आहे. पात्रांतल्या गोट्याखालच्या माशीची बाजू मांडणारा त्यांत कोणी नाहीं, आणि धार गेली तर ती आठवड्याभरांत संपेल.

इंद्रायणीची कथा ह्याहून दुःखद आहे, कारण तिचें नांव अधिक मोठें. लोणावळ्याच्या अंगाला आणि कामशेतच्या वर अजून चांगलीं खळाळतीं पाण्यें आहेत. देहूच्या डोहांत गळ टाकण्याचा विचारही कोणीं करूं नये. तेथले मासे वारकऱ्यांनीं पिढ्यान्‌पिढ्या पोसलेले. त्यांना लाह्या टाकाव्या आणि पुढें जावें. खरें म्हणजे महाराष्ट्रांत मासा टिकला तो पुष्कळ अंशीं अशा डोहांतूनच. महाडजवळचा वाळण कोंड आणि वैतरणेवरील तिळसें येथें देवाच्या नांवानें राखलेले महासीर आजही पाहावयास मिळतात. आळंदीला मात्र अलीकडच्या वर्षांत कार्तिकीच्या सुमारास नदीवर पांढरा फेस तरंगतांना यात्रेकरूंनीं पाहिला आहे. फेस साबणांच्या द्रव्यांचा, आणि तीं द्रव्यें घरोघरच्या मोरींतलीं तशींच कारखान्यांतलीं. सगळा दोष धुराड्यावर ढकलून स्वस्थ बसतां येत नाहीं. चाकणच्या माणसाला खरी जवळची भामा. भामा-आसखेड धरणाचें पाणी २०२१ पासून नळानें पुण्याच्या पूर्व भागास जातें; धरणाच्या वरच्या अंगाचे ओढे पाऊस सरल्यावर एकदोन महिनेच वाहतात, परंतु ते दोन महिने तेनकारासाठींच केले असावेत इतके योग्य.

मासे कमी झाले तर सोडा नवीन, असें सुचविणारे पुष्कळ असतात. ह्या बाबतींत लोणावळ्याचें उदाहरण विचार करावयास लावील. तेथें वळवणच्या तलावाजवळ टाटांच्या वीज कंपनीनें गेल्या शतकाच्या आठव्या दशकापासून महासीराचीं अंडीं उबवून पिलें तयार करण्याचें काम चालविलें. खुद्रीचें बीज त्यामुळें राखलें गेलें, हें उपकार मोठे. पण तीं पिलें दूरदूरच्या नद्यांतही गेलीं, आणि दक्षिणेंत कावेरींत तीं इतकीं फोफावलीं कीं, तेथला मूळचा, पाठीवर कुबड असलेला प्रचंड महासीर मागें हटत गेला. आज तो नष्ट होण्याच्या अगदीं कड्यावर आहे. त्याची शास्त्रीय ओळखही २०१८ सालीं कोठें निश्चित झाली. हा बदल उघडकीस आला कशावरून? कावेरीकांठच्या एका तळावर गळ टाकणाऱ्या हौशी लोकांनीं १९९८ ते २०१२ पर्यंत धरलेल्या आणि परत सोडलेल्या प्रत्येक माशाची जी टिपणें ठेविलीं होतीं, त्यांवरून. सरकारी मोजणी नव्हती. ह्या वह्या होत्या.

कांहीं सावधगिरीच्या गोष्टी सांगितल्याच पाहिजेत. धरणांत आणि नदीच्या पुष्कळ भागांत मासेमारीचा हक्क सहकारी संस्थांना दिलेला असतो. त्या संस्थेला विचारल्यावांचून पाण्याजवळ जाऊं नये, कारण आपला छंद हा तिच्या सभासदांचा संसार असतो. कर्बतंतूंच्या काठींतून वीज सहज वाहते. नदीवरून विजेच्या तारा गेल्या असतील तेथें, किंवा ढग गडगडूं लागल्यास, काठी प्रथम मिटावी. धरणांतून पाणी सुटलें म्हणजे कोरडा वाटणारा खडक घटकाभरांत बेट होतो. इंद्रायणीवरचा कुंडमळा फार देखणा आहे, आणि तेवढाच घातक. १५ जून २०२५ रोजीं तेथला जुना लोखंडी पूल कोसळून चौघांनीं प्राण गमावले. तेव्हां एकट्यानें जाऊं नये, गुडघ्यापेक्षां खोल पाण्यांत तर नाहींच.

ज्यांच्या घरीं मासा शिजत नाहीं अशा श्रोत्यांच्या मनांत एक प्रश्न आला असेल. मासा धरून परत सोडावयाचा, तर मुळांत त्याला टोंचावयाचा कशाला? हा प्रश्न रास्त आहे आणि त्याला पूर्ण समाधानकारक उत्तर नाहीं. गळाचा कांटा पकडीनें दाबून सपाट केला, हात ओले केले, मासा पाण्याबाहेर न काढतांच सोडविला, तर तो बहुधा जगतो. पण त्याला कांहींच झालें नाहीं असें म्हणणें ही आपली सोय झाली. जो खातो त्यानें पोटापुरते चार घ्यावे, हें त्यापेक्षां कदाचित् अधिक सरळ. ज्याला दोन्ही नको त्यानें काठी न घेतां गोटे उलटावे आणि पाहून झाल्यावर जसेच्या तसे ठेवावे. माशीची माहिती तेवढ्यानेंही मिळते.

गळ टाकणाऱ्यानें आणि न टाकणाऱ्यानें, दोघांनींही एक वही मात्र ठेवावी. तारीख, जागा, पाण्याचा रंग, दगडाखालीं काय दिसलें, मासा मिळाला तर किती बोटें लांब. आणि नांव लिहितांना पुस्तक लगेच उघडूं नये. कांठावर जाळें वाळत घालणारा भोई किंवा खेंकडे शोधणारी कातकरी म्हातारी दिसली तर तो मासा दाखवावा आणि 'ह्याला तुमच्याकडे काय म्हणतात?' असें विचारावें. जें सांगतील तें त्यांच्याच उच्चाराप्रमाणें, देवनागरींत, पहिल्या रकान्यांत लिहावें. साईक्सचें लॅटिन नंतर, दुसऱ्या रकान्यांत.